उभ्याची चूल

चुलीची माती आधी चाखून बघावी, हे मला माझ्या आईने शिकवलं. माझं माहेर तळीयेचं, डोंगरातलं. तिकडे चूल घालणं हे गवंड्याचं काम नव्हे, बाईचं. माती आणायची, चाळायची, तूस आणि शेण घालून मळायची. पण त्याच्याही आधी चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली तर फेकून द्यायची, कारण खारी माती विस्तव लागला की तडकते. यात लपवण्यासारखं काही नाही, लाजण्यासारखं तर नाहीच नाही. तरी या चिमूटभर मातीने महाडात माझी जी शोभा केली, ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

साल बत्तीस होतं की तेहतीस, हे आता खात्रीने सांगवत नाही. मृग जवळ आला होता एवढं मात्र पक्कं, कारण सगळा जीव त्या मृगावरच टांगलेला होता.

आमचे हे महाडच्या शाळेत मास्तर. घर सासऱ्यांनी घेऊन ठेवलेलं, तेवढी एक निवांती. बाकी पगार महिन्याच्या विसाव्या तारखेला प्राण सोडायचा. स्वयंपाकघर म्हणजे मागच्या बाजूची एक काळोखी खोली. कोपऱ्यात चूल. धूर बाहेर जायला जागाच ठेवलेली नव्हती. तो कौलांतून वाट मिळेल तसा जाई, आणि नाहीच मिळाली तर माझ्या डोळ्यांतून जाई. सकाळचा चहा होईपर्यंत माझे डोळे जास्वंदीसारखे लाल. शेजारच्या साळूबाईंनी यावरून मास्तर मला रोज पहाटे मारतात असा निष्कर्ष काढला होता, आणि तो गल्लीत पोचवलाही होता. साळूबाई बाई मनाच्या चांगल्या. फक्त डोळ्यांना दिसलं की तोंडाने सांगितलं, यांच्या मध्ये त्या क्षणभर थांबत नसत.

त्या वर्षी मी भावाकडे गिरगावात गेले होते. माझी मैनावहिनी उभी राहून स्वयंपाक करत होती. दगडी ओटा, त्यावर शेगडी, समोर खिडकी. भाकरी थापता थापता ती खिडकीतून रस्ता बघत होती, खालच्या भाजीवाल्याशी भांडतही होती. मी आजवर भाकरी थापताना फक्त स्वतःचे गुडघे बघितले होते. परत आले ती ठरवूनच आले, की मलाही ओटा हवा, उभ्याची चूल हवी आणि चुलीवर धुराडं हवं.

ह्यांनी नुकतंच शाळेच्या समारंभात स्त्रियांच्या आरोग्यावर भाषण केलं होतं. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. मी त्या भाषणातली दोन वाक्यं त्यांना जेवताना म्हणून दाखवली. माणूस भाषणात सापडला की सुटका नाही. पुढच्या रविवारी काम काढायचं ठरलं.

मग सल्ले आले. महाडात सल्ला मागावा लागत नाही. कोणी म्हणालं ओटा पूर्वेला, कोणी म्हणालं पूर्वेला मुळीच नको, तिकडे मोरी आहे. उमरठहून, म्हणजे आमच्या गावच्या घरून, सासूबाईंचा निरोप आला. सासूबाई तुळजाबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणे. बाजाराला आलेल्या गड्याने निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला: "चुलीपुढं बसली की बाईला घर दिसतं. उभी ऱ्हायली की रस्ता दिसतो. पुढचं तुमचं तुमी बघा." मला खिडकीतून रस्ताच बघायचा होता, हे त्यांना उमरठात बसून कसं कळलं कोण जाणे.

धुराडं विकत आणणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा रॉकेलचे रिकामे डबे जमवून, त्यांचे पत्रे सरळ करून नळकांडं करायचं ठरलं. आमच्याकडे डबे कमी पडले. साळूबाईंनी एक दिला. त्या दिवसापासून त्या ‘आमचं धुराडं’ म्हणू लागल्या.

घराच्या छपरातून धुराडं काढायचं तर कचेरीची परवानगी हवी, असं कोणीतरी ह्यांच्या कानात घातलं. हे नियमाचे माणूस, गेले कचेरीत. तिथे महिपतराव कारकून.

"धुराडं कशाचं?" महिपतरावांनी विचारलं.

"स्वयंपाकघराचं."

"ते कळलं हो मास्तर. पण धुराडं दोन प्रकारचं असतं. एक भट्टीचं, एक गिरणीचं. तुमचं कुठलं?"

"दोन्ही नाही. चुलीचं आहे."

"चुलीला धुराडं नसतं."

"म्हणूनच बसवतोय ना!"

"नसतं म्हणजे नियमात नसतं, मास्तर."

शेवटी महिपतरावांनीच तोड काढली. भट्टी म्हणून परवानगी घ्यायची आणि चूल पेटवायची. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घराची नोंद भट्टी अशीच होती. एकदा पोलादपूरचे एक गृहस्थ भर पावसात दारात येऊन पाव मागू लागले, आणि नाही म्हटल्यावर रागावून गेले.

गवंडी मिळाला तो गोमाजी. त्याची मजुरी इतरांपेक्षा कमी होती, का ते नंतर कळलं. पहिल्याच दिवशी त्याने ह्यांना भिंतीशी उभं केलं.

"उभं ऱ्हाऊन रांधायचं ना? मंग ऱ्हावा उभं, मास्तर. हात कोपरात वाकवा."

मी दाराआडून म्हटलं, "अरे, रांधणार मी आहे."

गोमाजीने जीभ चावली. "बाईमानसाचं माप मी कसं घेऊ? लोक काय म्हनतील?"

अदब म्हणजे अदब. हे चांगले उंच, दारातून येताना मान लववणारे. मी त्यांच्या खांद्यालाही पुरत नाही. ओटा झाला तेव्हा त्याची कड माझ्या छातीला लागत होती. त्यावर चूल, चुलीवर तवा म्हणजे भाकरी माझ्या हनुवटीसमोर शेकणार. गोमाजी दूर उभा राहून बघत म्हणाला, "मास्तरांला बराबर बसतोय." ह्यांनी तर भाकरी सोडाच, पाणीसुद्धा कधी तापवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो छपरावर चढला. धुराड्यापुरतं, हात आत जाईल एवढं भोक पाडायचं होतं. मी खाली मडकी हलवत होते, इतक्यात वरून कडकड आवाज आला आणि गोमाजी कमरेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात आला. उरलेला गोमाजी वर राहिला. "मला धरा! मला धरा!" असं वरचा ओरडत होता आणि खालचा पाय झाडत होता. धराधरी होऊन तो उतरला तेव्हा छपराला भोक नव्हतं, दार होतं. आभाळ स्वच्छ दिसत होतं.

"बुजवू की उद्याच्याला," गोमाजी म्हणाला. "आधी चूल मोडून घेऊ."

मी जुन्या चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि तिच्यावर कुदळ पडली. आता घरात चूल नव्हती, छपराला भोक होतं आणि परसात फणसाखाली तीन दगडांवर आमचा भात शिजत होता. कावळे ताटाभोवती असे बसत, जणू पंगतीचं आमंत्रण त्यांनाच होतं. पण दोन दिवसांचा प्रश्न होता. मृगाला अजून अवकाश होता.

चुलीसाठी गोमाजीने तीन पाट्या माती आणून टाकली. कुठून आणली विचारलं तर हात उडवून म्हणाला, "हितूनच की." आमची सावित्री नदी खाडीची. भरतीचं पाणी पार गावापर्यंत येतं. जवळची माती म्हणजे खाडीची असणार, हे मी ओळखलं. दुपारी तो जेवायला गेल्यावर मी पाट्यांसमोर बसले. पहिल्या पाटीतली चिमूट जिभेवर ठेवली. मीठच मीठ. थुंकली. दुसरी तशीच. तिसरी मात्र अळणी लागली. खात्री करायला पुन्हा एक चिमूट घेतली आणि समाधानाने मान डोलावली.

मान वर केली तर मागच्या दारात साळूबाई. हातात वाटी होती. त्यांनी वाटी हळूच खाली ठेवली आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. साळूबाई न बोलता गेल्या, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

माती कोणाला खावीशी वाटते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माझ्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती. ज्या बातमीची सगळी गल्ली वाट बघत होती, ती साळूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. पाटीसमोर बसून, मिटक्या मारत!

गोमाजी जेवून आला तो अवजारं गोळा करायला लागला.

"का रे? आणि धुराडं?"

"नाय आता, बाय. पोटुशीच्या घरात खनती नाय, मोडतोड नाय, भोक नाय. मूल झालं म्हंजी मंग बघू."

"अरे, मी तशी नाही!"

"पहिल्या खेपंला समद्या असंच म्हनतात."

"आणि हे भोक? ते तर बुजव!"

गोमाजीने वर बघितलं, विचार केला. "बुजवायचं पन नाय. बुजवनं म्हंजी कामच की."

मी साळूबाईंकडे धावले. "अहो, मी माती चाखत होते. चुलीसाठी. आमच्या तळीयेला चाखतात."

"धावू नका गो अशा!" साळूबाई ओरडल्या. "बसा आधी. आन लाजायचं काय त्यात? मला काय चार झाली नायत?"

‘नाही’ हा शब्द या एका बाबतीत किती निरुपयोगी आहे, ते मला त्या दिवशी समजलं. जोरात म्हटलं तर बाई चिडचिडी झाली, तिसरा महिना असेल. हळू म्हटलं तर लाजली. गप्प राहिलं तर कबूल झालं.

संध्याकाळी हे घरी आले ते हातात पेढे घेऊन. वाटेत तिघांनी अभिनंदन केलं होतं आणि एकाने पेढे दिले होते.

"मला का नाही सांगितलंस?" ह्यांचा आवाज जरा हललाच होता.

"सांगण्यासारखं काही नाहीच. मी माती चाखत होते."

त्यांनी हातातल्या पेढ्यांकडे बघितलं. "पण सगळेच म्हणताहेत," ते म्हणाले. गणित शिकवणारा माणूस बहुमताने उत्तर काढायला लागला होता.

मग खाणं सुरू झालं. एका घरातून कैरीचं पन्हं, दुसरीकडून खरवस, तिसरीकडून शिरवळ्या आणि नारळाचं दूध. कोणी गुपचूप भाजलेला बांगडा आणून दिला. जी येई ती "काय खावंसं वाटतं गो?" विचारी. मला एकच गोष्ट हवीशी वाटत होती, ती म्हणजे चूल, आणि तेवढी एकच कोणी आणून देत नव्हतं. शिरवळ्यांची तिसरी वाटी संपवताना हे म्हणाले, "उगाच सगळ्यांशी वाद घालू नकोस. आपोआप कळेल त्यांना." परसातला धुराचा भात टळला, याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं नाही.

तिकडे आभाळ रोज थोडं काळवंडत होतं. कोकणात मृग म्हणजे काय हे सांगायला नको. भोकाखाली नवा मातीचा ओटा उघडा. दोन सरींत त्याचा चिखल होऊन घरभर फिरला असता, भिंतही सुटली असती, आणि ओटा पुन्हा बांधायला ह्यांच्या पगारात पुढची कित्येक वर्षं जागा नव्हती. ह्यांनी शिडी लावून भोकात आपली छत्री उघडून बसवली. अर्ध्या तासात साळूबाई हजर. "पोटुशीच्या घरावर काळी छत्री! मास्तर, शिकलेले ना तुम्ही?" छत्री उतरली.

आणि मग आत्याबाई आल्या.

उमरठहून पोलादपूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून सर्व्हिस मोटार. मोटारीत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण आल्या. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात तुपाची किटली. आल्या आल्या छपराच्या भोकाकडे नुसतं बघितलं. मला समोर बसवून त्यांनी गाठोड्याच्या तळातून एक कुंची काढली. स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याची, हाताने शिवलेली. टाके बारीक, एकसारखे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तसं काही नाही हो. मी मातीची चव बघत होते, चुलीसाठी."

त्या हसल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लाजतेस व्हय? मी बी अशीच लाजलेली."

दुसऱ्यांदा सांगायला माझी जीभ उचलली नाही. खारी माती थुंकता येते. ती कुंची हातात घेतल्यावर काय करायचं, हे मला आईने शिकवलेलं नव्हतं.

त्या होत्या तोवर मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात. परसातल्या दगडांवर स्वतः रांधत. मी ओटीवर बसून आभाळ बघत असे. ढग असे खाली उतरलेले, की भोकातून हात वर केला तर लागतील. आता सगळी सुटका एकाच गोष्टीत होती. ती कधी होते, याच्याकडे मी डोळे लावून बसले होते.

एका सकाळी मला कावळा शिवला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मी मागच्या पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बाजूला बसले. पुढे तीन दिवस शिवायचं नाही, काही करायचं नाही. तीन वर्षांत दर महिन्याला मी त्या कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी मात्र छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा श्वास मोकळा झाला. आता माझ्या शब्दाची गरजच नव्हती. घोंगडी बोलत होती, आणि घोंगडीला कोणी ‘लाजतेस’ म्हणत नाही.

आत्याबाई दारात आल्या. मला बघितलं. बराच वेळ चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. कुंची आत गेली होती.

पण आत्याबाई बाहेर आल्या त्या लुगड्याचा काचा मारून.

"गोमाजीला हाक मारा रे कोनीतरी!" अशी हाळी त्यांनी दिली की फणसावरचे कावळे उडाले. "आन बिगीनं या म्हनावं. खरंच काय व्हायच्या आत हे समदं उरकून घ्या!"

गोमाजी आला. आत्याबाईंच्या देखरेखीखाली गोमाजी काय काम करतो, ते बघण्यासारखं होतं. नळकांडं उभं राहिलं, कौलं बसली, भोक बुजलं. राहिली चूल. ती गवंड्याने घालायची नाही, आणि मी तर हात लावू शकत नव्हते. उभ्याच्या चुलीला जन्माचा विरोध असलेल्या आत्याबाईच मातीच्या पाट्यांसमोर बसल्या.

"तिसरी पाटी घ्या, आत्याबाई!" मी कोपऱ्यातून ओरडले. "पहिल्या दोन खाऱ्या आहेत!"

"तू सांगतेस म्हनून? माझं मला बघू दे."

त्यांनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले, चघळली. आणि नेमक्या मागच्या दारात साळूबाई. हातात पुन्हा वाटी.

आत्याबाईंनी डोळे उघडले, साळूबाईंकडे बघितलं, माती थुंकली आणि म्हणाल्या, "बगतेस काय गो? जा, सांग गावभर. मलापन दिवस गेलेत म्हनावं."

माझं हसू घोंगडीत मावेना. गोमाजी छपरावर होता, तो पुन्हा खाली येतोय की काय असं वाटलं. साळूबाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग त्याही वाटी ठेवून मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून गदगदा हसू लागल्या. वाटीत कैरीचं लोणचं होतं.

ओटा आत्याबाईंनाही उंच पडला. शेवटी जेवायचा पाट ओट्याशी ठेवून, त्याच्यावर चढून त्यांनी चूल घातली. खाली उतरल्यावर पाटाकडे बघत म्हणाल्या, "आधी बाई पाटावर बसून रांधायची. आता पाटावर उभी ऱ्हाऊन रांधनार. सुधारना सुधारना म्हनतात ती हीच व्हय?" मी त्या पाटावर पुढे चाळीस वर्षं उभी राहिले.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि दूध उतू घातलं. धूर क्षणभर घोटाळला, त्याने इकडे तिकडे बघितलं आणि डब्यांच्या नळकांड्यातून सरळ वर गेला. बाहेर पडून तो थेट साळूबाईंच्या ओटीवर उतरला. त्यांनी तक्रार केली नाही. "माझ्याच डब्यातनं आलाय, जाईल कुठं?" म्हणाल्या. पाऊस दुसऱ्या दिवशी पडला. छपरातून एक थेंब आला नाही.

आत्याबाई उमरठला परतायच्या सकाळी चुलीजवळ उभ्या होत्या. पदराने डोळे टिपत होत्या. मी बघितलं तशी म्हणाल्या, "धूर गेला गो डोळ्यात." मी वर बघितलं. खोलीत धुराची रेघसुद्धा नव्हती. "हो," मी म्हटलं, "लाकडं ओली आहेत."

कुंची पेटीतच ठेवून गेल्या.

पुढे दोन वर्षांनी माझ्या शकूची चाहूल लागली, तेव्हा ती कुंची पेटीतून निघाली. त्या वेळी सगळ्यांना सांगितलं, सगळ्यांनी मानलं. साळूबाईंचा मात्र सातव्या महिन्यापर्यंत विश्वास बसेना.

"मी नाय आता फसायची, मास्तरीणबाई," त्या म्हणायच्या. "माती खाल्लीत का एकदा तरी? नाय ना? मग!"